शाम्पू तोच, केस तेच, पाणी वेगळं: भाचीच्या राठ केसांचं पूर्ण प्रकरण

माझी भाची मनू (घरातलं नाव आहे) गेल्या जूनमध्ये सावंतवाडीहून पुण्याला शिकायला आली, वाघोलीजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर राहिली, आणि चार महिन्यांत तिच्या केसांची अशी दशा झाली की नवरात्रात ती माझ्याकडे आली तेव्हा दार उघडल्यावर मी आधी तिच्या केसांकडेच बघत राहिले. कमरेपर्यंत जाड शेपटा असलेली पोरगी, आणि आता डोक्याभोवती सगळं पिंजारलेलं, टोकं तांबूस, हात लावला की काथ्यासारखं राठ. तिने बॅग ठेवली आणि पहिलं वाक्य हे की मावशी मला साडेसहा हजार उसने दे, पार्लरवाली म्हणाली केराटिन, म्हणजे औषध लावून इस्त्रीने केस सरळ करायचं ते, केल्याशिवाय हे केस ताळ्यावर येणार नाहीत.

मी पैसे दिले नाहीत, तिला चहा दिला आणि बसवून सगळं विचारलं. मी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे, बावीस वर्षं ब्युरेट-पिपेट धुतेय, त्यामुळे कुठलीही गोष्ट बिघडली की आधी काय काय बदललं ते लिहून काढायचं ही सवय हाडीमाशी भिनलीय. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितेय कारण पहिले चार महिने आम्ही सगळ्यांनीच, मी धरून, नुसती शाम्पूची बाटली बदलत राहायची एवढाच विचार केला, आणि अर्धा दोष बाटलीत नव्हताच.

तर तिचा घटनाक्रम असा. घरून येताना आजीने, म्हणजे माझ्या आईने, शिकेकाई साबणाच्या सहा वड्या बांधून दिल्या होत्या. मनू लहानपणापासून त्याच साबणाने न्हाते, रविवारी खोबरेल आणि मग साबण, केस कायम चांगले. जून-जुलैमध्ये हॉस्टेलवर तोच साबण वापरला तर तिसऱ्या-चौथ्या धुण्यातच केस चिकट, मेणचट लागायला लागले, फेस होईना म्हणून साबण आणखी घासायचा, तरी फणी फिरवली की फणीच्या दातांना पांढुरका चिकट थर. तिला वाटलं साबण जुना झाला. मग रूममेटचं बघून एक हर्बल शाम्पू आणला, बाटलीवर हिरवी पानं, भृंगराज, ब्राह्मी, आवळा, एकूण बारा वनस्पतींची नावं. त्याने चिकटपणा गेला, पहिल्या आठवड्यात खूश होती, पण केस दुसऱ्या दिवशी पुन्हा जड वाटायचे म्हणून ती एक दिवसाआड आणि नंतर रोज धुवायला लागली, दोनदा फेस काढून. ऑगस्ट संपेपर्यंत केस कोरडे ठणठणीत, विंचरताना कटकट तुटायचे.

मग गणपतीला घरी गेली. नऊ दिवस राहिली. आजी म्हणाली, "ह्या केसांचा काय करून घेतलंस गो चेडवा?" आणि पुन्हा तोच शिकेकाई साबण काढून दिला. मनूच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दोन वेळा न्हायल्यावर केस बरेच मऊ झाले. ही गोष्ट तिने मला जाता जाता सांगितली, म्हणजे आजीच्या हाताला गुण आहे या अर्थाने. मी तिथे थांबवलं. आजीच्या हाताला गुण आहेच, पण जो साबण वाघोलीत चिकटतो तोच सावंतवाडीत चालतो याचा अर्थ साबण सोडून काहीतरी वेगळं आहे.

परत आल्यावर तिने आणखी एक प्रयोग केला होता. सगळं केमिकल बंद म्हणून बाजारातून रिठे आणि शिकेकाईच्या शेंगा आणल्या, हॉस्टेलच्या इलेक्ट्रिक किटलीत रात्रभर भिजवून सकाळी उकळल्या, रिठे भरपूर कारण फेस त्यांचाच येतो, आणि ते दाट पाणी न गाळता डोक्यावर. डोळ्यांची आग आग झाली, केसांत शिकेकाईचा चोथा दोन दिवस निघत होता, आणि केस वाळल्यावर खराटा. म्हणजे एकदम शुद्ध, झाडावरून आलेलं, घरी केलेलं, आणि तरी सगळ्यात वाईट अनुभव त्याचाच.

इथे थोडं रिठ्याबद्दल बोलायला पाहिजे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, पाण्यात फेसाळणारं द्रव्य, त्याचं एक टोक तेलाला धरतं आणि एक पाण्याला, काम अगदी साबणासारखंच. जुन्या बायका रेशमी साड्या, शालू रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या ते त्यामुळेच, आणि सोनारही दागिने उजळायला रिठे वापरतात. जे सोन्यावरचा मळ काढतं ते कोरड्या केसांवरचं होतं नव्हतं ते तेलही काढणारच. शिकेकाई त्या मानाने सौम्य, सॅपोनिन तिच्यातही आहे पण सोबत आंबटपणा आहे, शेंगेचं पाणी जिभेला लावून बघा आंबट लागतं. म्हणून आपल्याकडे नुसता रिठा सहसा कुणी डोक्याला लावत नव्हतं. शिकेकाई मुख्य, रिठे मोजके दोन-तीन, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचरी, आणि कोकणात तर जास्वंदीची पानं चुरून त्याचा बुळबुळीत रस. तो बुळबुळीतपणा फार महत्त्वाचा, केसाला केस घासत नाही, फणी सरकते. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असायचं पण धुणारं, आंबट आणि बुळबुळीत या तिन्ही गोष्टी त्यात असायच्याच. मनूने धुणारं तेवढं घेतलं, बाकी दोन सोडून दिल्या.

आता तिचे केस. मी तिला खिडकीपाशी बसवलं, काळ्या कागदावर तिच्या फणीतले केस पसरले आणि एकेक बघितले. ही गोष्ट कुणालाही घरी करता येते, भिंग असलं तर बरं नाहीतर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो, गाठीसारखा. तुटलेल्या केसाला तो नसतो, तुकडा आखूड असतो. तिच्या फणीत साधारण चाळीस केस होते, त्यातले दहा-बारा ठिपकेवाले आणि बाकी सगळे दोन-तीन इंचांचे तुकडे. म्हणजे ती घरी फोनवर "केस गळतायत" म्हणून रडत होती ते खरं तर तुटत होते. हा फरक कळला नाही तर माणूस मुळांना लावायची महागडी तेलं आणि सीरम आणत बसतो आणि दुखणं केसाच्या लांबीत असतं.

तरी मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच, कारण थायरॉइडनेही केस असे कोरडे पडतात आणि ते शाम्पूने कधीच सुटणार नाही. टीएसएच नॉर्मल आलं. हिमोग्लोबिन १०.४ आलं, बाईचं १२ च्या वर पाहिजे, त्यामुळे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून पोरगी वेफर्सवर राहत होती. हे मी मुद्दाम लिहितेय, केसांच्या तक्रारीत रक्ताची तपासणी आधी करा, शाम्पूवर हजार रुपये घालवण्याआधी करा.

त्या रविवारी मी तिला माझ्या घरी न्हायला लावलं, तिचाच हर्बल शाम्पू, तिचीच पद्धत, काही बदलायचं नाही म्हटलं. आम्ही कोथरूडला राहतो, पाणी महापालिकेचं. वाळल्यावर तिने स्वतःच केसातून हात फिरवला आणि म्हणाली मावशी वेगळे लागतायत. राठ होतेच, पण तो जो वरचा भरडपणा, खडूचा हात लावल्यासारखा, तो बराच कमी होता. एका धुण्यावरून काही ठरवू नये हे मला माहीत आहे, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं, आणि येताना हॉस्टेलच्या बाथरूमच्या नळाचं एक लिटर पाणी बाटलीत आण म्हणून सांगितलं. ताईलाही फोन करून सावंतवाडीच्या विहिरीचं पाणी मागवलं, गावाकडून येणाऱ्या शेजाऱ्यांनी आणून दिलं.

सोमवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी तिन्ही पाणी तपासली. पहिल्या वर्षाची मुलं हा प्रयोग करतातच, एकूण जडपणा काढायचा, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती विरघळलेत ते, पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात तो. ५० मिली पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये, अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलून दाखवणाऱ्या द्रव्याचे दोन-चार थेंब, की पाणी दारूसारखं लालजांभळं होतं, मग वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं द्रव्य थेंब थेंब सोडायचं जोपर्यंत स्वच्छ निळा रंग येत नाही. सावंतवाडीच्या विहिरीचं पाणी दीड मिलीतच निळं झालं, म्हणजे लिटरला ३० मिलीग्रॅम. आमच्या कोथरूडचं २.८ मिलीला, म्हणजे ५६. आणि हॉस्टेलच्या पाण्यात मी ईडीटीए सोडत राहिले सोडत राहिले, दहा गेले, वीस गेले, रंग लालचा लालच, शेवटी २६.४ मिलीला निळं झालं. म्हणजे ५२८. मी पुन्हा केलं, तेच आलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे त्यात २०० पर्यंत बरं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे, म्हणजे कागदावर हॉस्टेलचं पाणी बसतं, आणि केसांसाठी ते फार जड आहे.

यात हॉस्टेलवाल्यांचा तरी काय दोष, तिथे बोअर आणि टँकर याशिवाय पाणीच नाही. पुण्याकडे सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगांमधून मुरत मुरत पाणी खाली जातं, वाटेत कॅल्शियम मॅग्नेशियम घेत जातं, आणि बोअर जितकी खोल तितकं ते बहुतेक वेळा जड. सावंतवाडीला जांभा दगड आणि धो धो पाऊस, जमिनीतले क्षार कधीच धुऊन गेलेले, त्यामुळे विहिरीचं पाणी हलकं, डाळ पटकन शिजते, साबणाचा फेस जाता जात नाही.

आता आजीच्या साबणाचं कोडं सुटलं. शिकेकाई साबण म्हटलं तरी तो मुळात साबणच आहे, तेल आणि कॉस्टिकचा, त्यात शिकेकाई घातलेली. साबण जड पाण्यात गेला की कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट साका होतो, बादलीच्या काठाला राखाडी रेघ बसते ना तोच. तो मनूच्या केसांवर बसत होता, फणीच्या दातांना लागत होता. वर साबण अल्कधर्मी, पीएच (७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) ९ ते १० च्या घरात, आणि टाळू ५.५ च्या आसपास, केसाचा पृष्ठभाग तर त्याहूनही आंबट बाजूचा. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरचे खवले, कौलं एकावर एक रचल्यासारखे असतात ते, उचकटतात, मग खवल्यात खवला अडकतो, गुंता होतो, तुटतो. सावंतवाडीत हा साका होत नव्हता म्हणून इतकी वर्षं निभावलं. माझ्या आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा दुखावली, मग म्हणाली पाणी बदललं की भातसुद्धा वेगळा शिजतो, बरोबर आहे तुझं.

आणि तो बारा वनस्पतींचा शाम्पू. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचली खरं तर. "प्रत्येक १० मिलीमध्ये" असं लिहून खाली यादी, भृंगराज ५० मिलीग्रॅम, ब्राह्मी ३० मिलीग्रॅम, असं करत करत बारा नावं, सगळी बेरीज केली तर ३०० मिलीग्रॅमही होईना. दहा मिलीत तीनशे मिलीग्रॅम म्हणजे शेकडा तीन. आणि शेवटची ओळ: शाम्पू बेस, क्यू. एस. क्यू. एस. म्हणजे लागेल तेवढा. म्हणजे उरलेले सत्त्याण्णव टक्के काय आहे ते एका शब्दात गुंडाळलेलं, आणि केस धुणारं सगळं त्यातच. आयुर्वेदिक लायसन्सवर निघणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर असंच असतं. साध्या कॉस्मेटिक लायसन्सवरच्या बाटलीवर निदान घटकांची यादी द्यावी लागते, एक टक्क्यावरचे घटक जास्त ते कमी या क्रमाने, त्यामुळे पाण्यानंतरची पहिली तीन-चार नावं वाचली की शाम्पूचा स्वभाव कळतो. बेस या शब्दावरून काहीच कळत नाही. त्याचा फेस, पातळ जेलीसारखा थर आणि धुतल्यावर करकरीत लागणारे केस बघता तो सल्फेटवाला, म्हणजे जोरात फेस करून तेल ओढून काढणाऱ्या द्रव्याचा, कडक बेस असणार असं माझं मत, पण ते मत आहे, बाटलीवर लिहिलेलं नाही.

"झाडापासून" या शब्दाने माणूस फार फसतो, म्हणून हे सांगते. सोडियम लॉरिल सल्फेट, ज्याला सगळे शिव्या देतात, ते बहुतेक करून नारळाच्या नाहीतर पामच्या तेलापासूनच सुरू होतं. आणि कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड ही जी सौम्य म्हणून ओळखली जातात तीही नारळ-पाम आणि मक्याच्या साखरेपासूनच. आजोळ एकच आणि स्वभाव दोन टोकांचे. सल्फेट पाण्यात विद्युतभारित असतं, त्वचेच्या प्रथिनांशी झटापट करतं, ग्लुकोसाइडवर भार नसतो, ते त्या मानाने शांतपणे तेल उचलतं आणि जड पाण्यातही साका करत नाही. म्हणजे बाटलीवर पान आहे का हे बघून काही उपयोग नाही, धुण्याचं काम कोण करतंय ते नाव वाचायचं.

पण ग्लुकोसाइड म्हणजे सगळं छान असंही नाही, आणि हे मी हात पोळून शिकले. मला लॅबचा आत्मविश्वास, म्हटलं आपणच बनवू, डेसिल ग्लुकोसाइड ऑनलाइन मागवलं, पाण्यात पातळ केलं, जास्वंदीचा अर्क घातला आणि वापरायच्या आधी सहज पीएच पेपर बुडवला तर गर्द निळा, अकराच्या वर! कच्चं डेसिल ग्लुकोसाइड तसंच येतं, त्याला सायट्रिक आम्ल घालून साडेपाचवर आणावं लागतं. पेपर बुडवला नसता तर मी साबणापेक्षा वाईट गोष्ट पोरीच्या डोक्यावर घातली असती. पीएच खाली आणल्यावर वापरलं तर टाळू खूश, पण केस ओले असताना एकमेकांना धरून बसले, फणी जाईना. नुसत्या ग्लुकोसाइडने असं होतं, धुतं चांगलं पण केसावर काही मागे ठेवत नाही. वर जास्वंदीचा अर्क आठव्या दिवशी आंबला, कारण जपणारं काहीच घातलं नव्हतं. घरगुती काढा असो की शाम्पू, पाणी आणि वनस्पती एकत्र आलं की बुरशी येणारच, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस फार तर. म्हणून स्वतः बनवण्याचा नाद मी सोडला.

मग दुकानात उभं राहून याद्या वाचत जी बाटली निवडली तिच्यात पाण्यानंतर कोको ग्लुकोसाइड आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन होतं, हेही नारळाचंच, दोघं मिळून फेस मऊ करतात. पुढे एक लांबलचक नाव, ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. घाबरू नका, ही आपली गवार. गवारीच्या बियांचा डिंक काढतात, राजस्थानात सगळ्यात जास्त, त्यावर प्रक्रिया करून त्याला धन भार देतात, आणि केसावर ऋण भार असतो, खराब झालेल्या केसावर जास्तच, त्यामुळे तो डिंक बरोबर तिथे जाऊन बसतो जिथे केस उचकटलाय. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीतपणा जे काम करायचा तेच. आणि शेवटाकडे सोडियम फायटेट, तांदळाच्या कोंड्यापासूनही काढतात, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. माझ्या ब्युरेटमधलं ईडीटीए जे करतं तेच काम. चारशेच्या आसपास किंमत होती २०० मिलीला, स्वस्त नाही, पण रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा आणि तेही पातळ करून वापरल्यावर अडीच महिने पुरली.

या बाटलीने हॉस्टेलवर पहिले दोन आठवडे फारसा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते, मनू निराश झाली होती. कारण उघड आहे, शाम्पू कितीही सौम्य असला तरी वरून वीस लिटर ५२८ चं पाणी ओतलं जातंय. तिच्या रूममेटने बादलीत तुरटी फिरवून बघितली, त्याने गढूळपणा खाली बसतो, जडपणा हलत नाही. दुसऱ्या मैत्रिणीने चौदाशे रुपयांचा शॉवर फिल्टर लावला होता, मी त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासून दिलं, ईडीटीए २६.४ आणि २६.१ मिली लागलं. क्लोरीन काढत असेल तो, जडपणा त्याच्या हातात नाही, एवढ्याशा डबीतून एवढं पाणी वाहत असताना होणारही नाही. तिचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं.

आम्हाला जे जमलं ते साधं होतं. हॉस्टेलच्या जिन्यात पिण्याचा आरओ आहे. केस धुवायच्या दिवशी दोन लिटरच्या दोन बाटल्या भरून घ्यायच्या. बाकी सगळी धुलाई नळाच्या पाण्याने, त्याला इलाज नाही, मग एक लिटर पाण्यात लिंबूसत्त्वाचे थोडे खडे, मी तिला पीएच पेपरची वही दिली होती, साडेचारच्या आसपास रंग आला की बस, ते पाणी डोळे मिटून, मान मागे टाकून केसांच्या लांबीवर ओतायचं, मिनिटभर थांबायचं आणि उरलेलं साधं आरओचं पाणी शेवटी. आंबट पाण्याने केसावर बसलेला क्षाराचा थर सुटतो आणि खवले खाली बसतात, शेवटच्या पाण्यात पुन्हा बसायला क्षारच नसतो. आजी आवळकाठीच्या पाण्याने शेवटचा तांब्या घालायची तो याचसाठी असावा असं मला राहून राहून वाटतं. टाळूला जखम, खाज असेल तर हे करू नका, आणि लिंबाचा रस थेट चोळू तर अजिबात नका, त्याचं प्रमाण हातात राहत नाही.

धुण्याची पद्धतही बदलली. शाम्पू मगात पातळ करून फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, लांबीवरून नुसता फेस ओघळू द्यायचा. पूर्वी ती केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळायची. धुण्याआधी तासभर लांबीला चमचाभर खोबरेल, टाळूला रात्रभर थापायचं नाही, कारण मग ते काढायला पुन्हा कडक शाम्पू लागतो. खोबरेलच का, तर त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतात आणि धुताना प्रथिनं कमी निघतात, २००३ साली जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये सूर्यफूल आणि खनिज तेलाशी तुलना करून हे छापून आलंय. ते काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या लॅबमधलं आहे हे लक्षात ठेवून वाचावं, पण मनूच्या केसांवर मला तसंच दिसलं.

आणि एक गोष्ट जी आमच्या घरात कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आंबट पाण्याच्या चौथ्या-पाचव्या धुण्यानंतर केस ओले असताना तिने विंचरले नाहीत, तसेच वाळू दिले, तर खाली छान लाटा पडल्या, कानामागे तर अर्धं वेटोळं. मनूचे केस मुळात सरळ नाहीतच! आजी लहानपणापासून तेल चोपडून घट्ट वेणी घालायची म्हणून कळलंच नाही. हॉस्टेलवर वेणी सुटली, ती वाळलेले केस प्लास्टिकच्या ब्रशने वरून खाली ओढायची, लाटेतला प्रत्येक केस वेगळा होऊन फुलायचा आणि आरशात ते फ्रिझी दिसायचं. जे आपण "बिघडलेले" म्हणत होतो त्यातला काही भाग बिघाड नव्हताच, तिच्या केसांची जात होती. आता ती ओल्या केसात मोठ्या दातांच्या लाकडी फणीने टोकांपासून वर जाते आणि वाळल्यावर फणीच लावत नाही. जुन्या सुती टी-शर्टने केस दाबून टिपते, टॉवेलने झटकत नाही.

पार्लरचं केराटिन बारगळलं. त्याबद्दल मी ठाम होते. सरळ करायच्या बऱ्याच औषधांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारं काहीतरी असतं, लॅबमध्ये आम्ही फॉर्मल्डिहाइडची बाटली फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात, उघडतो, आणि इथे बंद खोलीत इस्त्री फिरवताना पोरींच्या नाकाडोळ्यांत जातं. शिवाय जड पाणी तसंच राहिलं असतं, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा साडेसहा हजार.

दिवाळीला घरी जायच्या आधी खालचे तीन इंच कापले. रडली थोडी, पण ती टोकं फाटलेली होती, दुभंगलेला केस कशानेही सांधत नाही, वरून चिकटवल्यासारखा दिसतो फक्त. अभ्यंगस्नानाला आजीने उटणं आणि शिकेकाईच्या शेंगा उकळून, दोनच रिठे घालून, फडक्यातून दोनदा गाळलेलं पाणी केलं होतं, जास्वंदीच्या पानांचा रस घालून. विहिरीच्या पाण्यात त्याचा इतका सुंदर परिणाम झाला की मनूने मला ओल्या केसांचा फोटो पाठवला. साबण मात्र आजीने स्वतःहून बाजूला ठेवला.

आता मार्च चालू आहे. काळ्या कागदाची तपासणी मी दर महिन्याला करते, एकाच दिवसाचे फणीतले केस. ऑक्टोबरात चाळीसातले अठ्ठावीस-तीस तुकडे होते, डिसेंबरात पंधराच्या आसपास, गेल्या महिन्यात सहा. हिमोग्लोबिन १२.१ झालंय, त्याचाही यात वाटा असणार, किती ते मी वेगळं काढू शकत नाही कारण सगळं एकदमच बदललं. मुळांकडचे पाच-सहा महिन्यांत आलेले साधारण तीन इंच केस हाताला स्पष्ट वेगळे लागतात, गुळगुळीत, त्याखाली जुना भाग अजून भरड आहे, आणि तो कापून संपेपर्यंत तसाच राहणार. मनूला हे मान्य झालंय, आता ती केसांचं कुणाला काही विचारत नाही, उलट हॉस्टेलच्या चार मुलींच्या बाटल्या वाचून देते.

परवा फोनवर म्हणाली की केस पुन्हा जरा जड वाटतायत. उन्हाळा लागलाय, बोअर आटत आलीय, टँकरवाला बदललाय म्हणे. शनिवारी येतेय, येताना नव्या पाण्याची बाटली भरून आणायला सांगितलंय.